सासूबाई तांदूळ निवडायला हॉलमध्ये का जातात?

ताई,
मे महिन्यात आम्ही मुलुंड पूर्वेला रीसेलचा फ्लॅट घेतला. आधीच्या मालकांनी किचन दोनच वर्षांपूर्वी नवं करून घेतलं होतं, म्हणून आम्ही खूश होतो. पण सगळं कोळशाच्या रंगाचं! खालच्या ट्रॉल्या, वरची कपाटं, लॉफ्टची दारंसुद्धा. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइल्स तपकिरी, त्यात मधूनमधून कॉफीचा कप आणि द्राक्षांचा घड. किचन आठ बाय सात, खिडकी एकच आणि तीही डक्टमध्ये उघडणारी. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही कसली अंधारकोठडी!" आता त्या तांदूळ निवडायलासुद्धा ताट घेऊन हॉलच्या खिडकीशी जाऊन बसतात. मिस्टर म्हणतात, सगळी शटर्स, म्हणजे कपाटांची दारं, बदलून पांढरी करू. एकाने एक लाख साठ हजार सांगितले. कर्जाचे हप्ते आत्ताच सुरू झालेत, माझ्या हातात फार तर चाळीस हजार आहेत. बहीण म्हणते, सरळ ऑइलपेंट मार. खरं सांगायचं तर मला तो रंग आवडतो, पण घरात हे बोलायची सोय नाही. काळ्या कपाटांत झुरळं जास्त होतात हे खरं का? आणि कालनिर्णय कुठे लावू? एक भिंत मोकळी नाही. दिवाळीच्या आत काहीतरी व्हायला हवं. सोबत चार फोटो पाठवते आहे.
– अंधारात चाचपडणारी, मुलुंड पूर्व

प्रिय मुलुंडकर,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य रंगाबद्दलचं नाहीच. सासूबाई ताट घेऊन हॉलमध्ये जातात, ते वाक्य. त्यांना काळा रंग खुपतोय असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, त्यांना खडे दिसत नाहीयेत. वय वाढलं की डोळ्यांच्या भिंगातून आत जाणारा उजेडच कमी होतो. तुम्हाला जिथे निभतं तिथे त्यांना निभत नाही. त्या "अंधारकोठडी" म्हणाल्या तो टोमणा नव्हता, तक्रार होती, आणि अगदी रास्त.

आता तुमचा तिसरा फोटो बघा. दाराच्या चौकटीच्या वर एक ट्यूब दिसते. मुंबईतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत ट्यूब तिथेच असते, कारण बिल्डरच्या वायरमनला वायर तिथपर्यंतच ओढायची असते. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की ती ट्यूब येते तुमच्या पाठीमागे. आज संध्याकाळी सातला एक करून बघा. ओट्यावर कोथिंबिरीची जुडी घ्या आणि चिरायला लागा. सुरीच्या पात्यावर, जुडीवर, सगळ्यावर जी सावली पडलेली दिसेल ती तुमच्याच डोक्याची आणि खांद्यांची असेल. शटर्स दुधासारखी पांढरी केलीत तरी ती सावली तिथेच राहणार. एक लाख साठ हजार जातील आणि कोथिंबीर अंधारातच चिरली जाईल.

मिस्टरांची बाजू अगदीच लंगडी आहे असंही म्हणत नाही. पांढरा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत खोलीत टाकतो, कोळशाचा रंग १० टक्केसुद्धा टाकत नाही. तुमच्याकडे कपाटं, ओटा, टाइल्स, लॉफ्ट, चारही जणांनी मिळून उजेड गिळायचं ठरवलंय. पण चौघांपैकी दोघांना फितवलं तरी पुरतं. टाइल्स आणि लॉफ्ट. कपाटांना हात लावायचं कारण नाही.

एक गंमत सांगते. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची पणजी म्हणावी असं एक स्वयंपाकघर १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी तयार झालं. मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ते आखलं. १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण सत्तर चौरस फूट. तुमचं छप्पन्न. त्यातली कपाटं पांढरी नव्हती, निळसर हिरवी होती, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. आणि बाईंनी दोन गोष्टी नेमक्या ओळखल्या होत्या. निवडण्या-चिरण्याची जागा त्यांनी खिडकीखाली ठेवली, बसून काम करता यावं म्हणून स्टूलही दिलं. छतावरचा दिवा रुळावरून सरकवता यायचा, काम जिथे चालू असेल तिथे दिवा न्यायचा. शंभर वर्षं होत आली. तुमच्या सासूबाई ताट घेऊन खिडकीकडे जातात ते त्याच शहाणपणाने. फक्त तुमच्याकडे दिवा सरकत नाही, म्हणून त्या सरकतात.

तर पहिला खर्च उजेडावर. त्यातही पहिलं काम फुकटातलं. पहिल्या फोटोत खिडकीच्या काचांवर तपकिरी फिल्म चिकटवलेली दिसते. आधीच्या मालकांना डक्ट दिसू नये म्हणून लावली असणार. कोमट पाण्यात साबण कालवून काच चांगली भिजवा, जुन्या ब्लेडने फिल्म खरवडून काढा. डक्ट दिसायला नको असेल तर तिथे दुधी फिल्म लावा, तिच्यातून उजेड येतो. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवरचं तेलही त्याच दिवशी उतरवा. आणि जमलं तर डक्टची समोरची भिंत पांढरी करून घ्या. ती सोसायटीची आहे, परवानगी लागेल, सेक्रेटरींना चहाला बोलवावं लागेल. पण दुपारच्या वेळी डक्टमधून खाली येणारा उजेड त्या भिंतीवर आपटूनच तुमच्याकडे वळतो. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हे केलं. मग दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याने मागणी केली आणि शेवटी सगळी डक्ट रंगली. वर्गणीवरून भांडणं झाली ती वेगळी.

आता विजेचं. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेच्या आतल्या बाजूने, एलईडी स्ट्रिप बसवायची. पुढच्या कडेला, भिंतीलगत नाही. भिंतीलगत लावली तर टाइल्स उजळतात आणि सुरी पुन्हा अंधारात. आठ फुटांच्या ओट्यात मधले दोन फूट चिमणीचे आहेत, चिमणीला स्वतःचे दिवे असतात. उरले सहा फूट, म्हणजे तीन-तीन फुटांचे दोन तुकडे. मीटरला दहा वॉटची स्ट्रिप धरली तर सगळी मिळून अठरा वॉट. रोज पाच तास जळली तरी महिन्याला तीन युनिटच्या आत.

इथे माझी फजिती सांगायलाच हवी, कारण तुमचाही ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरी मी अशीच स्ट्रिप आणली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हीच सगळे नेतात." दुसऱ्यांच्या घरांत शंभर प्रश्न विचारणारी मी, स्वतःच्या घरासाठी एकही न विचारता घेऊन आले. बटण दाबलं आणि ओट्यावर काजव्यांची रांग उमटली. पॉलिश केलेला काळा दगड म्हणजे आरसाच. स्ट्रिपमधला एकेक ठिपका त्यात वेगळा दिसत होता. मुलगी म्हणाली, "आई, इथे विमान उतरणारे का?" पुढच्या पावसाळ्यात गोंद सुटला आणि एका सकाळी स्ट्रिपचं टोक पोह्यांच्या कढईवर लोंबायला लागलं.

म्हणून नुसती स्ट्रिप घेऊ नका. अॅल्युमिनियमची पट्टी येते, प्रोफाइल म्हणतात तिला, वर दुधी झाकण असतं. स्ट्रिप तिच्यात बसते, पट्टी कपाटाला स्क्रूने लागते, वाफ आणि तेल झाकणावर बसतं आणि ते पुसता येतं. स्ट्रिप 'सीओबी' प्रकारची मागा, तिच्यात ठिपके दिसत नाहीत, सलग रेघ दिसते. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मारलीत तर पट्टी, स्ट्रिप, तिला वीज पुरवणारा डबा म्हणजे ड्रायव्हर, सगळं तिथेच मिळेल. शनिवारी मात्र जाऊ नका, उभं राहायला जागा नसते. ड्रायव्हर लॉफ्टमध्ये मोकळ्या हवेत ठेवायला सांगा, चिमणीला चिकटून नको. बटण दाराजवळ हवं. सिंकपाशी ओल्या हाताने दाबायचं बटण नको.

खोक्यावर दोन आकडे बघायचे. एक केल्विनचा. ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे ना पिवळा ना निळा असा मधला पांढरा, ६५०० म्हणजे सरकारी दवाखाना. गडद राखाडी कपाटांवर ६५०० टाकला की ती निळी पडतात आणि त्यांच्यासमोर उभी असलेली माणसं आजारी दिसतात. तुमच्या ओट्यावर ४०००. दुसरा आकडा सीआरआयचा, तो ९० किंवा वर हवा. तो कमी असला की वस्तूंचे रंग खरे दिसत नाहीत. कांदा गुलाबी झाला की तांबूस, हे कढईत डोकावून कळत नाही. रश्शाचा रंग चुकला म्हणून आपण तिखटाला दोष देतो.

दारावरची ट्यूबही तिथून हलवा. छतावर, लॉफ्टच्या अगदी पुढे, ओट्याच्या कडेच्या सरळ वर एक चपटा एलईडी पॅनेल, तोही ४०००चाच. एक दिवा पिवळा आणि दुसरा निळा असं झालं की ताटातल्या वरणालाही दोन रंग येतात.

हे इतकं झालं की थांबा. टाइलवाल्याला फोन करू नका. रात्री आठ वाजता सासूबाईंना तांदळाचं ताट घेऊन ओट्यापाशी बोलवा, शेजारी स्टूल ठेवा. निवडून होऊ द्या. मग विचारा, अजून कोठडी वाटते का. उत्तर "हो" आलं तरी तुमच्या हातात अजून बरेच पैसे असतील. आणि "बरंय आता" असं आलं तर मिस्टरांच्या एक लाख साठ हजारांचा विषय त्यांच्या आईनेच संपवलेला असेल. तो रंग तुम्हाला आवडतो हे सांगायलाही तीच वेळ बरी.

आता टाइल्स. कॉफीचा कप आणि द्राक्षांचा घड! महाराष्ट्रात कॉफी आणि द्राक्षं एकत्र कोण खातं ते मला आजवर कळलेलं नाही, पण एके काळी प्रत्येक नव्या बिल्डिंगमध्ये ती जोडी असायचीच. तुमची डॅडो आठ बाय दोन, म्हणजे सोळा चौरस फूट. एवढ्याशा जागेसाठी जरा बरी टाइल परवडते. जुन्या फोडायची गरज नाही. रुपयाच्या नाण्याने एकेक टाइल वाजवून बघा. ज्या पोकळ वाजतील तेवढ्या काढायच्या, बाकीच्यांवर अॅडहेसिव्हने नवी टाइल बसते. भिंत साधारण सेंटीमीटरभर पुढे येईल, म्हणून स्विचबोर्ड पुढे घ्यायला वायरमनला त्याच दिवशी बोलवा, दोन फेऱ्यांचे पैसे कशाला द्यायचे. गॅसची पाइपलाइन मात्र टाइलमागे किंवा कपाटात गाडू देऊ नका. मिस्त्री म्हणेल, "दिसायला छान दिसेल." ती दिसलीच पाहिजे आणि तिच्याभोवती हवा खेळली पाहिजे.

रंग कोणता? शुभ्र पांढरा नको. कोळशाच्या रंगाशेजारी शुभ्र पांढरा म्हणजे नीळ जास्त झालेलं धोतर, नजर आधी तिथेच जाते. सायीचा रंग घ्या. ताकाचा, हस्तिदंती, यातलं काहीही. चकचकीत घ्या, मॅट नको, कारण कपाटं मॅट आहेत आणि स्ट्रिपचा उजेड परत फेकायला काहीतरी तकतकीत हवं. गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्समध्ये तीन बाय सहा इंचांच्या, कडा किंचित वेड्यावाकड्या असलेल्या मिळतात. त्यांच्यावर उजेड एकसारखा न पडता जरा लहरत पडतो, मला त्या फार आवडतात. पण तुकडे लहान म्हणजे फटी जास्त. फटींत एपॉक्सी भरून घ्या, मिस्त्री कुरकुरला तरी. साध्या सिमेंटची रेघ गणपतीत पांढरी असते, दिवाळीला हळदीची होते आणि होळीपर्यंत काळी. हळदी रंगाची किंवा शेवाळी टाइल लावू का, असं कदाचित तुमच्या मनात येईल. दोन्ही रंग कोळशावर सुरेख दिसतात. मोठी खिडकी असती तर मीच म्हटलं असतं. डक्टच्या खिडकीला नाही.

लॉफ्टची दारं भिंतीच्या आणि छताच्या रंगाची करा. डोक्यावरचा काळा पट्टा गेला की छत हातभर उंच गेल्यासारखं वाटतं. बहिणीला ऑइलपेंटची इतकी हौस असेल तर ती इथे भागवता येईल. सनमायकावर रंग धरत नाही, कारण त्याला शोषायला काही नसतं. आधी पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, मग चिकटणारा प्रायमर, मग रंगाचे दोन हात. इतकं करूनही ओट्याखालच्या ट्रॉल्यांवर वाफ, नखं, कुकरची धडक, यांनी वर्षभरात पोपडे निघतात आणि पोपड्याखालून काळा डोकावतो. लॉफ्टला मात्र कुणी रोज हात लावत नाही, तिथे रंग टिकेल. शटर्सवर चिकटवायचे विनाइल रोल मिळतात, त्यांच्या भानगडीत पडू नका. शेगडीच्या बाजूला उष्णतेने कडा सुटतात.

फरशी आहे तशी राहू द्या. किचनमध्ये गालिचा वगैरे घालू नका, जुलैत त्याला कुबट वास येतो. खिडकीत मनीप्लँट चालेल. कढीपत्ता त्या डक्टमध्ये जगायचा नाही, उगीच जीव घेऊ नका त्याचा.

आता मला ज्यावर जास्त बोलायचंय ते. माझी आजी गिरगावात चाळीत राहायची. तिचं स्वयंपाकघर तुमच्यापेक्षा काळं होतं. कडप्प्याचा ओटा, स्टोव्हच्या काजळीने धुरकटलेली भिंत, शिसवी फडताळ, आणि मोरीच्या वर हातभर खिडकी. तिला कुणी अंधारकोठडी म्हटल्याचं मला आठवत नाही. कारण त्या काळ्यावर फळी होती, आणि फळीवर पितळी डबे मोठ्याकडून लहानाकडे ओळीने मांडलेले. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीतून एक तिरीप यायची आणि डब्यांच्या पोटावरून सरकत सरकत शेवटच्या, हिंगाच्या डबीपर्यंत जायची. ती हिंगाच्या डबीवर आली की आजी म्हणायची, "चला, शाळेची वेळ झाली." आपली जुनी स्वयंपाकघरं गडदच होती. चकाकायचं काम भिंतींचं नव्हतं, भांड्यांचं होतं. पांढऱ्या किचनमध्ये पितळेचा डबा ठेवला तर तो पिवळट, जुनाट दिसतो. तोच डबा कोळशाच्या रंगापुढे ठेवला की पेटल्यासारखा दिसतो. तुम्हाला तो रंग आवडतो ना, मग तुमची आवड काही परकी नाही.

तुमच्या घरातही दिवाणात, जुन्या नऊवारीत बांधलेलं एखादं बोचकं असेलच. सासूबाईंना विचारा. चार-पाच वस्तू निघाल्या तरी पुरे. एखादा डबा, तांब्या, खलबत्ता, चहाचं पातेलं. खिडकीशेजारच्या आखूड भिंतीवर, चौथ्या फोटोत जिथे गाळण्या टांगल्या आहेत तिथे, अडीच फुटांची एक फळी लावा आणि त्याच वस्तू तिच्यावर ठेवा. पाचच. सहावी आली की पहिलीला रजा, नाहीतर फळीचं दुकान होतं. बोचकं निघालंच नाही तर पायधुणीजवळच्या तांबाकाट्याला जा. तिथे जुनी भांडीही मिळतात आणि वजनावर भाव होतो. फळीच्या वर हवी तर छोटी ३०००ची पट्टी लावा, वेगळ्या बटणावर. स्वयंपाक आटोपला, ओट्यावरचा दिवा मालवला की रात्री फक्त तेवढाच ठेवायचा. पितळ पिवळ्या उजेडात खुलतं. नियमाला एवढा अपवाद मला मान्य आहे.

मुंबईच्या हवेत पितळ पंधरवड्यात मलूल होतं. चिंच-मिठाने किंवा पितांबरीने घासा, पण सिंकमध्ये, ओट्यावर नाही. तुमचा दगड ग्रॅनाइट आहे असं तुम्ही म्हणता, फोटोत मला तो नीट ओळखता येत नाही. ग्रॅनाइटला आंबटाचं फारसं काही होत नाही. कडप्पा निघाला तर तो चुनखडीच्या जातीचा, लिंबाने त्याची झिलई जाते. कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब दहा मिनिटं ठेवून पुसा. डाग निस्तेज झाला तर कडप्पा समजा. आणि पितळी डब्यात पोहे, साखर, चणे ठेवा. कल्हई नसेल तर आंबट काही ठेवू नका.

हँडल्स बदलायचा मोह होईल, आणि तो वाईट नाही. काळ्या शटरवरची काळी हँडल्स कुणालाच सापडत नसतील. पितळी रंगाची घ्या. फक्त बाजारात जाण्याआधी जुन्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मोजून न्या. बहुतेक वेळा ते ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. तेवढंच घेतलं तर तीच भोकं कामी येतात, सुताराची गरज नाही, मिस्टरांच्या हाती पेचकस द्या. निराळं घेतलं तर जुनी भोकं आयुष्यभर तोंड वासून बघत राहतील. आणि या हँडल्सना पितांबरी लावायची नाही, वरचा लॅकरचा थर जातो आणि आठ दिवसांत ती चट्ट्यापट्ट्याची दिसतात. ओलं फडकं पुरे.

फडक्यावरून आठवलं. काळ्यावर हळद दिसत नाही, कणीक दिसते. पोळ्या झाल्या की ट्रॉल्यांच्या दारांवर पिठाची बोटं उमटलेली असतात. मायक्रोफायबरचं फडकं, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. कोरडं पुसणं महत्त्वाचं, कारण पाणी वाळलं की गडद रंगावर त्याचे पांढरे ठिपके राहतात. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर जास्तच. काथ्या किंवा तारेची घासणी मॅट सनमायकाच्या जवळसुद्धा आणू नका.

झुरळांचं म्हणाल तर त्यांना तुमच्या शटरचा बाहेरचा रंग काय कळणार? ती आत राहतात. त्यांना ओल, उष्णता आणि फट लागते. गडद रंगाचा दोष एवढाच की त्यांची काळी बारीक विष्ठा त्यावर दिसत नाही, म्हणून ती वाढलेली उशिरा कळतात. सिंकखालचं कपाट रिकामं करा, टॉर्च घेऊन पाइप भिंतीत शिरतो ती फट बघा, ती बुजवून घ्या. जेलचे बारीक ठिपके बिजागऱ्यांपाशी आणि सिंकच्या मागे लावा, आणि त्या काळात स्प्रे मारू नका. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकतच नाहीत. तिथेच सिंकखालच्या प्लायला अंगठ्याने दाबून बघा. फुगलेला असेल तर तेवढाच तुकडा बदला, आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घालून. किचन दोनच वर्षांचं आहे, बहुधा ठीक असेल.

सगळं झाल्यावरही वरचं अंग जड वाटलं, तर वरच्या चार शटर्सचे पुढचे भाग तेवढे उजळ करा. खालचं गडद, वरचं सायीच्या रंगाचं. एखादा सुतार सुचवेल की वर काचेची दारं लावा. चारांपैकी एकाला लावा हवी तर, तिच्यामागे कपबशा ठेवा. चारही काचेची केलीत तर श्रीखंडाचे रिकामे डबे कुठे लपवाल?

दिवाळीच्या आत करायचं तर विजेचं काम या आठवड्यात उरकून घ्या. टाइल लावायला दोन दिवस पुरतील, पण मिस्त्री दसऱ्यानंतर हाताला लागत नाहीत, आजच शब्द घ्या. लॉफ्टचा रंग शेवटी, हवा कोरडी झाल्यावर.

कालनिर्णय फ्रिजच्या बाजूला. दुसऱ्या फोटोत हॉलकडची ती बाजू मोकळी दिसते. आधी तिथे चुंबक धरतो का बघा, मग चुंबकाचा हूक आणा. कपाटाच्या बाजूच्या फळीत खिळा मारू नका, तिथून वाफ प्लायमध्ये शिरते. आणि दुधाचे खाडे लिहायला जे पेन बांधाल त्याचा दोरा लांब ठेवा, सासूबाईंचा हात पोहोचेल एवढा.